मधली तीन वर्षं

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या रक्तदाबाच्या ज्या नोंदी आज उपलब्ध आहेत, त्यांतल्या पहिल्या चार एका चिठोऱ्यावर मावतील. ३० जुलै १९३५ : १३६/७८. २२ एप्रिल १९३७ : १६२/९८. १३ नोव्हेंबर १९४० : १७८/८८. २७ फेब्रुवारी १९४१ : १८८/१०५. त्यापुढे तीन वर्षं कोरी. नंतरचा आकडा थेट मार्च १९४४ चा, १८६/१०८. तोवर हृदय मोठं झालं होतं, फुफ्फुसांत पाणी साचू लागलं होतं आणि ओठ निळसर पडले होते.

हृदयाच्या प्रकरणांत सहसा छातीतली कळ असते, दरदरून घाम असतो, धावपळ असते. या प्रकरणात दहा वर्षं जवळपास काहीच दुखलं नाही. विद्यार्थ्यांपुढे मी ते ठेवतो ते याच कारणासाठी. कळ आली तर माणूस स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जातो. न दुखणारा आकडा कोणी, केव्हा आणि कशाला बघायचा, हा प्रश्न इथे आहे.

माहितीच्या मर्यादा आधी सांगतो. रूझवेल्ट यांच्या आजारपणाची मूळ फाइल त्यांच्या मृत्यूनंतर गहाळ झाली, ती पुन्हा मिळालेली नाही. शवविच्छेदन झालं नाही. आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांच्यामुळे. शेवटचं वर्षभर तेच रूझवेल्टना पाहत होते आणि १९७० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, त्यांनी आपली टिपणं एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मधल्या तीन वर्षांत दाब कोणी मोजलाही असेल. तरी मोजून वर काही केलं गेल्याची खूण कुठे दिसत नाही.

रुग्ण

जन्म ३० जानेवारी १८८२. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले. उभं राहायचं तर पायांना सुमारे दहा पौंडांचे पोलादी आधार बांधावे लागत, एरवी चाकांची खुर्ची. पाण्यात शरीर हलकं होतं, म्हणून जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यांत ते पोहायला जात. खांदे आणि दंड पैलवानासारखे भरलेले होते. दिवसाला वीस ते तीस सिगारेटी, संध्याकाळी स्वतःच्या हातांनी तयार केलेली कॉकटेल्स. १९३३ पासून राष्ट्राध्यक्षपद, १९४१ च्या अखेरीपासून महायुद्ध.

त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकइंटायर हे नौदलातले नाक-कान-घसा तज्ज्ञ. निवडीमागे कारण होतं : रूझवेल्टना सायनसचा आणि सर्दीचा जुना त्रास. नाकाची काळजी उत्तम घेतली गेली. ज्याला जो अवयव ठाऊक, त्याचं लक्ष तिथेच जातं. यात मॅकइंटायर यांना खलनायक ठरवण्यात मला रस नाही, कारण १९३७ मध्ये एखादा नामांकित हृदयरोगतज्ज्ञ जरी त्या खोलीत असता, तरी त्यानेही बहुधा मान डोलावून आकडा लिहून घेतला असता. ते का, हे पुढे येईल.

आकडा काय सांगत होता

हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावला की साधारण ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, ढकललं जातं. मिनिटाला ७० ठोके धरले तर पाच लिटर. दिवसाचे एक लाख ठोके आणि सात हजार लिटर. रक्तदाबाचा वरचा आकडा या ढकलण्याच्या क्षणाचा, खालचा दोन ठोक्यांमधला. खालच्या आकड्याच्या वेळी हृदय विसावलेलं असतं, पण धमन्यांच्या भिंतींवर तेव्हाही दाब असतोच. त्यांना सुट्टी नसते.

दाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो, त्यामुळे त्याचा अंदाज येत नाही. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे १२० चा दाब पाणी दीड मीटरच्या वर, १.६ मीटरपर्यंत चढवेल, आणि १८६ चा अडीच मीटर. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका घोडीला जिवंतपणी उताणी बांधून त्याने तिच्या पायाच्या धमनीत लांब काचेची नळी बसवली होती. रक्त ८ फूट ३ इंच चढलं, अडीच मीटरच. जखडलेली, भेदरलेली, जिवाच्या आकांताने धडपडणारी घोडी जेवढा दाब देत होती, जवळपास तेवढाच दाब रूझवेल्ट यांचं हृदय खुर्चीत शांत बसल्याबसल्या देत होतं. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

एवढा दाब लागतो कशाला? अडथळा असतो लहान धमनिकांमध्ये. केसाहून बारीक अशा या नळ्यांच्या भिंतींत स्नायू असतात, ते आवळले की मार्ग अरुंद होतो आणि मागे दाब वाढतो. आवळण्याचा हुकूम येतो मज्जातंतूंकडून आणि संप्रेरकांकडून. त्या संप्रेरकांच्या साखळीची सुरुवात मूत्रपिंडात आहे. शरीरात मीठ किती ठेवायचं आणि किती बाहेर टाकायचं हेही मूत्रपिंडच ठरवतं, आणि मीठ जिथे राहतं तिथे पाणी राहतं. पाणी जास्त म्हणजे नळीत भरलेला ऐवज जास्त. वाढलेला दाब उलटून मूत्रपिंडाच्याच बारीक गाळण्या खराब करतो, मग मीठ टाकायची त्याची ताकद आणखी घटते. हे चक्र एकदा फिरू लागलं की बाहेरून कोणीतरी हात घातल्याशिवाय सहसा थांबत नाही.

हृदय त्यावर उपाय करतं तो स्नायूंच्या स्वभावाप्रमाणे : जाड होतं. वजनं उचलणाऱ्याचा दंड भरतो तसाच डावा कप्पा भरतो. फरक एवढाच की वजन उचलणारा तासाभराने वजन खाली ठेवतो. या कप्प्याला ते कधीच खाली ठेवता येत नाही. जाड झालेली भिंत ताठर होते, नीट सैलावत नाही, म्हणून कप्पा भरतानाच कमी भरतो. शिवाय जाड स्नायूला रक्त जास्त लागतं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तेवढ्या वाढत नाहीत. पुढे केव्हातरी कप्पा थकतो, फुगू लागतो. मग फुफ्फुसांकडून येणारं रक्त पुढे सरकेनासं होतं, मागे तुंबतं, आणि त्यातलं पाणी फुफ्फुसांत झिरपतं. आडवं झालं की दम लागतो आणि उशा वाढवाव्या लागतात, ते यामुळे.

आणि तरीही दुखत का नाही? मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब मोजणारे संवेदक असतात. आपण अंथरुणातून ताडकन उठलो तरी भोवळ येत नाही, कारण दाब घसरताच हे संवेदक मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांत नळ्या आवळल्या जातात. यंत्रणा चोख आहे, पण तिला एक खोड आहे. दाब काही दिवस सतत चढाच राहिला, तर ती त्यालाच ‘नेहमीचा’ मानू लागते आणि पुढे तोच राखायला धडपडते. रोज येणारा चोर राखणदाराला घरचाच वाटू लागावा, तसं. १६२ चा माणूस म्हणूनच ठणठणीत असतो. त्याला तसं खरोखर वाटतं, तो खोटं बोलत नसतो. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य रक्तदाबाच्या बाबतीत माहिती म्हणून निरुपयोगी आहे, ते याच खोडीमुळे.

त्या वेळचे जाणते काय म्हणत होते

१९३१ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी ब्रिटिश डॉक्टरांसमोर म्हटलं होतं की वाढलेला रक्तदाब असलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका तो सापडण्याचा आहे, कारण मग कोणीतरी मूर्ख तो कमी करायला जाणारच. त्याच वर्षी अमेरिकेतले सर्वांत मान्यवर हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं की वाढलेला दाब ही शरीराने केलेली भरपाई असू शकते आणि ती कमी करता आली तरी तिला हात लावू नये. तर्क असा : धमन्या वयानुसार कडक होतात, मग रक्त पुढे न्यायला दाब वाढवायलाच हवा. ‘शंभर अधिक वय’ असा एक सोपा हिशेबही रूढ होता. पंचावन्न वर्षांच्या माणसाला १५५ चालतील. मग १६२ म्हणजे काय, सात जास्त! याच हिशेबाने १९४१ मधल्या एकोणसाठ वर्षांच्या रूझवेल्टना १५९ शोभले असते. होते १८८. म्हणजे त्या काळाच्या ढिल्या मापानेही आकडा कधीच बाहेर गेला होता.

आज हे वाचून हसू येतं, पण त्या तर्कात मोह पाडण्यासारखं बरंच आहे. शरीर जे करतं ते काहीतरी हेतूने करतं, ही श्रद्धा अजून आपल्यात आहे. ‘वयानुसार थोडा वाढतोच’ हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं.

मार्च १९४४

१९४३ च्या अखेरीस तेहरानची परिषद आटोपून रूझवेल्ट परतले, फ्लूने आजारी पडले आणि त्यातून उठलेच नाहीत म्हणा ना. खोकला राहिला, थकवा राहिला, कागदपत्रं वाचता वाचता डोळा लागू लागला. मुलगी ॲना हिने मॅकइंटायर यांच्यामागे तगादा लावला, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात तपासणी ठरली. ती करायला आले लेफ्टनंट कमांडर हॉवर्ड ब्रुएन. मुलकी आयुष्यात न्यूयॉर्कमधले हृदयरोगतज्ज्ञ, तेव्हा चाळिशीच्याही अलीकडे.

ब्रुएन यांना दिसलं ते असं. खुर्चीतून टेबलावर घेताना लागणारी धाप. निळसर ओठ. फुफ्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखे आवाज. हृदयाचा ठोका जिथे लागायला हवा त्याच्या बराच डावीकडे, आणि क्ष-किरण चित्रात वाढलेलं हृदय. हृदयाच्या टोकाशी अस्पष्ट कुरकुर. लघवीत प्रथिन. दाब १८६/१०८. निदान : उच्च रक्तदाब, त्यामुळे झालेला हृदयविकार, डाव्या कप्प्याची निकामी होऊ लागलेली ताकद, सोबत श्वासनलिकांची सूज. हे सगळं तोवर कोणाच्या संशयातही नव्हतं, असं ब्रुएन लिहितात.

त्यांनी आठवडा-दोन आठवडे पूर्ण झोपून राहण्याचा सल्ला दिला. मॅकइंटायर म्हणाले, अशक्य, हे राष्ट्राध्यक्ष आहेत. मग आणखी ज्येष्ठ डॉक्टर बोलावले गेले, खल झाला आणि तडजोड ठरली. डिजिटॅलिस सुरू झालं. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्हच्या पानांवर लिहिलेल्या ग्रंथापासून चालत आलेलं हे औषध थकलेल्या हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं. बाकी सगळा भर सवयींवर : मीठ कमी, वजन कमी, सिगारेटी आधी निम्म्या आणि पुढे पाच-सहावर, कामाचे तास मोजके, दुपारच्या जेवणाला कामाची माणसं नाहीत, जेवणानंतर आडवं होऊन विश्रांती, रात्री काम बंद आणि दहा तास झोप. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनात एका मित्राच्या इस्टेटीवर जवळपास महिनाभर मुक्काम.

फरक पडला आणि लवकर पडला. पंधरवड्याच्या आतच फुफ्फुसं स्वच्छ झाली, खोकला गेला, हृदयाची सावली क्ष-किरण चित्रात आकसली. पण दाब हटला नाही, उलट चढत गेला. मला या प्रकरणातलं हे सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. धाप गेली म्हणजे आजार गेला असं घरच्यांना, पत्रकारांना आणि बहुधा खुद्द रुग्णालाही वाटलं. प्रत्यक्षात तुंबलेलं पाणी ओसरलं होतं, आणि ते तुंबवणारा दाब जागेवर होता.

ब्रुएन आठवड्यातून अनेकदा दाब मोजत, मधूनमधून हृदयाचा आलेख (ईसीजी) काढत. रूझवेल्टनी कधी विचारलं नाही की आकडा किती आला, ही गोळी कशाची, हे एवढे आलेख कशासाठी. ब्रुएन यांनाही आपणहून काही सांगू नये अशी ताकीद होती. एवढा चौकस माणूस, जगभरातल्या आघाड्यांचे नकाशे तोंडपाठ असलेला, आणि स्वतःच्या छातीतल्या आघाडीबद्दल एक प्रश्न नाही! घाबरलेल्या रुग्णापेक्षा न विचारणारा रुग्ण मला जास्त काळजीत टाकतो.

शेवटचं वर्ष

ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रेमर्टनला एका विनाशिकेच्या डेकवरून, पायांना आधार बांधून भाषण चालू असताना छातीच्या मध्यभागी कळ उठली, दोन्ही खांद्यांकडे गेली, पंधराएक मिनिटांनी शमली. भाषण थांबलं नाही. नंतर काढलेल्या आलेखात नवं काही दिसलं नाही. सप्टेंबरात क्वेबेकच्या परिषदेत दाब २४०/१३० पर्यंत गेला. नोव्हेंबरात ते चौथ्यांदा निवडून आले. वजन उतरलं होतं ते आता हवं त्याहून जास्त उतरू लागलं, चेहरा ओढला गेला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत, पोलंडवरून झालेल्या तापलेल्या चर्चेनंतर, ब्रुएन यांना नाडीचा एक ठोका जोरकस आणि पुढचा क्षीण असा आळीपाळीने लागला. थकलेल्या डाव्या कप्प्याची ही खूण. दोन दिवस भेटीगाठी तोडून विश्रांती दिल्यावर ती गेली. मनाचा ताण म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं की मी हा प्रसंग सांगतो. रागाने किंवा चिंतेने मज्जातंतूंचा हुकूम सुटतो, धमनिका आवळतात, दाब उसळतो. निरोगी हृदय ते सोसून नेतं. आधीच काठावर आलेल्याला तेवढं पुरतं.

याल्टाच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात शेजारी बसलेले तिघेही, रूझवेल्ट, स्टालिन आणि चर्चिल, अखेर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या झटक्याने गेले. स्टालिन १९५३ मध्ये. चर्चिल १९६५ मध्ये, सिगार ओढत नव्वदी गाठून. चर्चिल यांचं उदाहरण मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतंच. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : धोका ही शक्यता आहे, आणि शक्यतेतून काहीजण सुटतात म्हणूनच ती शक्यता असते. आपण सुटणाऱ्यांपैकी आहोत हे आधी कळत नाही.

१२ एप्रिल १९४५, वॉर्म स्प्रिंग्ज. सकाळी ब्रुएन यांनी तपासलं. झोप छान झाली होती, किंचित डोकं दुखत होतं, मान आखडली होती, चोळल्यावर बरं वाटलं. दाब १८०/११० ते १२०. पाहुण्यांना ते ताजेतवाने दिसले. दुपारी सव्वा वाजता, समोर चित्रकार त्यांचं व्यक्तिचित्र रंगवत असताना, डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि शुद्ध हरपली. त्यानंतर मोजलेला दाब ३०० च्या वर होता, खाली १९०. पाण्याच्या हिशेबात चार मीटरचा स्तंभ. मेंदूच्या खोल भागांत मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटणाऱ्या बारीक धमन्या असतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांच्या भिंती विरत जातात आणि एक दिवस फाटतात. ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू. वय ६३. हे ध्यानीमनी नसताना घडलं, अशा अर्थाचं मॅकइंटायर वार्ताहरांना म्हणाले.

कुठे काय करता आलं असतं

हा खेळ मागे वळून खेळायचा आहे, त्यामुळे सोपा आहे याची मला कल्पना आहे. तरी प्रत्येक नोंदीपाशी थांबून बघायला हरकत नाही.

१९३५, १३६/७८. वय ५३. आज अमेरिकेत १३० पासून वरच्या आकड्याला उच्च रक्तदाब म्हणतात, इतर अनेक ठिकाणी १४० पासून. म्हणजे हा उंबरठ्यावरचा आकडा. इथे गोळी सहसा लागत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोट्या चमच्याएवढं, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि त्यात तयार, पाकिटबंद खाण्यातून येणारं मीठही धरायचं. अमेरिकेत बहुतेकांचं बरंचसं मीठ तिथूनच येतं, मीठदाणीतून नव्हे. सिगारेट बंद, दारू कमी, आणि हालचाल. पाय लुळे पडलेल्या माणसाने हालचाल कशी करायची, या प्रश्नाचं उत्तर रूझवेल्टनी स्वतःच शोधलं होतं : पाणी. ती सवय मोडू न देणं एवढंच काम होतं. दंडांचे स्नायू वापरले तरी हृदयाच्या लेखी तो व्यायामच असतो.

१९३७, १६२/९८. माझ्या मते हे प्रकरण इथे हातातून सुटलं. सवयींनी किती उतरतो याचे हिशेब आज आहेत. वजनाचा एक किलो उतरला की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. नियमित चालण्या-पोहण्याने चार-पाच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश नावाच्या अमेरिकी चाचणीत भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ भरपूर असलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा अकरांनी खाली आला, तोही मीठ न घटवता. मीठ घटवलं तर आणखी काही. या बेरजा सरळ होत नाहीत, दोन सवयींचा फायदा एकमेकांत थोडा विरतो. तरी १६२ चे १४५ होणं शक्य होतं, आणि आठ वर्षांच्या हिशेबात एवढा उतार म्हणजे कप्प्याच्या भिंतीची जाडी वेगळी, मूत्रपिंड वेगळं, मेंदूतल्या त्या बारीक धमन्याही वेगळ्या.

१९४१, १८८/१०५. इथे नुसत्या सवयी पुरत नाहीत, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. सवयींवर श्रद्धा असलेली माणसं या टप्प्यावर गोळीला नाही म्हणतात आणि वर्षं घालवतात. गोळी चुकवण्यासाठी सवय लावू नये. सवयीने गोळ्यांची संख्या कमी राहते, गोळी नीट लागू पडते, एवढा तिचा मोठेपणा पुरेसा आहे. रूझवेल्ट यांचं दुर्दैव असं की तेव्हा चांगली गोळी नव्हतीच. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर हे जवळपास मीठविरहित भात आणि फळं यांच्यावर रुग्णांना ठेवून दाब उतरवून दाखवत होते. तो आहार इतका निरस की मोजकेच रुग्ण टिकत. शरीरातलं मीठ लघवीवाटे काढणारी सोसवणारी गोळी, क्लोरोथायझाइड, १९५८ मध्ये आली. दाब उतरवल्याने माणसं वाचतात का, याचा खणखणीत पुरावा त्याहून उशिरा, १९६७ मध्ये, एडवर्ड फ्राइस यांच्या चाचणीतून मिळाला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निरर्थक गोळी. गंभीर घटना निरर्थक गोळीच्या गटात २७, औषधाच्या गटात २. ‘मूर्ख कमी करायला जाईल’ या वाक्याचा निकाल लागायला छत्तीस वर्षं लागली.

त्याआधी प्रश्न नीट विचारला गेला तो मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यांच्या जागी आलेल्या ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी तिथला अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्री-पुरुष, दर दोन वर्षांनी तपासणी. आजारी पडण्याची वाट न बघता धडधाकट माणसांना बोलवायचं, दंडाला पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा, सिगारेट ओढता का विचारायचं आणि पुढे कोणाचं काय होतं ते बघत राहायचं. कंटाळवाणं काम. ‘जोखीम घटक’ हा शब्द वैद्यकात रुळला तो या कामातून.

आता सवयींची यादी मागणाऱ्यांसाठी माझी पहिली सवय : मोजणं. आणि नीट मोजणं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. दंड उघडा आणि टेबलावर टेकवलेला, हृदयाच्या पातळीत. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवी तुंबवून बसायचं नाही, मोजताना बोलायचं नाही. यातली एकेक चूक आकडा काही अंकांनी हलवते. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर थांबून. एका दिवसाच्या एका आकड्याने घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

झोपेबद्दल लोक विचारत नाहीत, म्हणून मीच सांगतो. चांगल्या झोपेत दाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. दिवसाच्या चोवीस तासांत धमन्यांच्या भिंतींना जो काही दिलासा मिळतो तो याच वेळी. घोरणं, मध्येच श्वास अडकणं, अर्ध्या रात्रीपर्यंत जागणं यांत तो दिलासा बुडतो, आणि सकाळी मोजलेला आकडा बरा असला तरी रात्रीचा हिशेब तुंबलेला असतो.

नोंदवहीबद्दलही माझा एक हट्ट आहे. आकडा लिहिला की त्याच ओळीत पुढच्या मोजणीची तारीख लिहायची. १३० च्या आत असेल तर वर्षभरानंतरची, उंबरठ्यावर असेल तर तीन महिन्यांनंतरची, १६० च्या वर असेल तर याच आठवड्यातली. रूझवेल्ट यांच्या उपलब्ध नोंदींत २२ एप्रिल १९३७ च्या १६२/९८ नंतरची ओळ तीन वर्षं आणि जवळपास सात महिन्यांनी येते.